पाच हजार एकशे पन्नास रुपये

बालमित्रांनो, समजा तुमच्या हातात कुणी पाच हजार एकशे पन्नास रुपये ठेवले आणि म्हणालं, "जा, संगणकासाठी काय हवं ते घेऊन या," तर तुम्ही काय घ्याल? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आम्ही लगेच दिलं होतं. चांगलं फळाभर! त्याचीच ही हकिगत.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात आहे. देवरुखहून एस.टी.ने तासभर आणि पुढे पाखाडी उतरून दहा मिनिटं चालत. पहिली ते पाचवीची मिळून बावीस मुलं, आणि शिकवणारे आम्ही दोघं, गुरुजी आणि मी. मुलं मला बाई म्हणतात. मी डी.एड. केलेली साधी प्राथमिक शिक्षिका. संगणकाबद्दल जे थोडंफार कळतं ते मुलांबरोबर चुकत चुकत शिकले आहे. तेव्हा यात कुठे शहाणपण दिसलं तर ते बहुतेक मुलांचं असेल, माझं नाही. (मुलांची नावं मात्र मी बदलली आहेत हं!)

शाळेत एकच संगणक आहे. २०१७ साली एका कार्यालयाने नवे संगणक घेतले, तेव्हा जुन्यांतला एक आम्हांला दिला. त्याच्या पाठीवर २०११ साल छापलेलं आहे. सुरू व्हायला तो इतका वेळ घेतो, सुरू होताना इतका कुरकुरतो, की मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. "आज आजोबा उठलेत का?" असं विचारतच सगळी वर्गात येतात.

आता पैसे कुठून आले ते सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीच्या आधी मुलांनी बालबाजार भरवला होता. तवशी, चिबूड, पडवळ, भेंडी, घरच्या परसातलं जे असेल ते. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी हौसेने खरेदी केली. हिशेब करून निव्वळ शिल्लक राहिली १,१५० रुपये. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, आणि परत निघताना त्याच चाकरमान्यांनी आणखी ४,००० रुपये गुरुजींच्या हातात ठेवले. "पोरांच्या संगणकासाठी," म्हणाले. पैसे मुलांच्या कष्टाचे आणि गावाच्या मायेचे. ते कसे खर्च करायचे हे मुलांनीच ठरवावं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

झालं! फळ्यावर यादी सुरू झाली. ओंकारला हवा होता रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड. कुणाला बिनवायरचा माउस. कुणाला गेम खेळायची जॉयस्टिक, कुणाला वेबकॅम. स्पीकर तर जवळजवळ सगळ्यांनाच हवे होते. आणि खरं सांगू? एक मागणी मीही हळूच खाली लिहिली: प्रिंटर. गुरुजींनी मोबाइलवर किमती बघितल्या आणि मुलांनी बेरीज केली. चौदा हजारांच्या वर गेली!

मनाली पाचवीत आहे. फार प्रश्न विचारते. तिने पहिला बाण माझ्यावरच सोडला. "बाई, प्रिंटर केवढ्याला ते कळलं. शाई केवढ्याला?"

आता आली का पंचाईत! माझ्या घरी एक शाईचा प्रिंटर होता. स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने आणला. पावसाळाभर वापरला नाही, तर त्याच्या तोंडाशी शाई सुकून बसली. नव्या शाईच्या दोन डब्यांची किंमत विचारली तेव्हा कळलं, प्रिंटरच्या निम्म्याच्या आसपास! ही कथा मी मुलांना सांगितली आणि ओंकार म्हणाला, "म्हणजे म्हैस स्वस्त नि पेंड महाग!" मी मुकाट्याने उठले आणि माझी मागणी स्वतःच्या हाताने पुसली.

पण बाकीच्या याद्यांचं काय? हात वर करून मतं घ्यावीत, असं मला वाटत होतं. गुरुजी म्हणाले, "बाई, पावसाळ्यात घर गळायला लागलं तर आपण कौलं बदलायला धावतो का? आधी पाणी कुठून येतंय ते बघतो. हे यंत्र कुठे गळतंय ते आठवडाभर बघू या की."

म्हणून एक चाळीस पानी वही आली. तिच्यावर ओंकारने लिहिलं, 'अडलं कुठे?' नियम एकच. संगणकावर काम करताना काम थांबलं की वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहायचं. दुसरं काही नाही.

तुम्हीही घरी हे करून बघा. फार गंमत येते. आपल्याला वाटतं एक, आणि वही सांगते भलतंच! शुक्रवारपर्यंत आमच्या वहीत काय होतं पाहा. लाईट गेली, सात वेळा. संगणक अडकून बसला, सहा वेळा. इंटरनेटचं पान उघडेना, पाच वेळा. सुरू व्हायला सहा मिनिटं, हे तर रोजच. माउस नीट चालेना, दोनदा. आणि कीबोर्डला दिवे नाहीत म्हणून काम अडलं, एकदाही नाही. ओंकारने स्वतः दोन वेळा मोजून बघितलं, बिचाऱ्याने!

यातलं इंटरनेटचं कोडं सर्वांत मजेदार निघालं. त्याच वेळी गुरुजींच्या मोबाइलवर मात्र पान झटकन उघडत होतं. मनालीच्या लक्षात आलं की पान उघडत नाही तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तारीख असते १ जानेवारी २००९. म्हणजे आजोबा रोज रात्री झोपायचे आणि सकाळी पंधरा वर्षं मागे जागे व्हायचे! संगणकाच्या पोटात एक बटणासारखा चपटा सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की संगणक तारीख विसरतो. आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं त्याला दारात उभं करत नाहीत. कारण प्रत्येक संकेतस्थळाकडे ओळखपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. २००९ सालात बसून २०२४ चं ओळखपत्र तपासलं तर ते खोटंच वाटणार ना? त्या सेलचं नाव सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. नावातच माप! किंमत चाळीस रुपये.

मी मनात हिशेबही करून टाकला होता. एवढ्यात वहीतली शुक्रवारची शेवटची नोंद वाचली. अक्षर सायलीचं होतं, चौथीतलं, गोल गोल. 'टिक टिक आवाज येतो. मग थांबतो. मग परत येतो.'

माझ्या पोटात धस्स झालं.

आता थोडं मागे जायला हवं. मार्च २०२४ मध्ये आम्ही एक उपक्रम केला होता. गावातल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. हल्ली जाती कोपऱ्यात पडली आहेत. पीठ गिरणीतून येतं, पण ओव्या गिरणीत मिळत नाहीत. म्हणून मुलांनी घरोघरी जाऊन आपापल्या आजीच्या, शेजारच्या आजीच्या ओव्या माझ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. एकूण एक्केचाळीस. सायलीची आजी तर आधी तयारच होईना. "तो मोबाइल माझा आवाज पिऊन टाकील काय गो?" असं म्हणून हसत सुटली. मग बसली, जात्याचा खुंटा धरला, आणि भावाची वाट बघणाऱ्या बहिणीच्या ओव्या एकामागून एक अशा काही आल्या, की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा जवळ येऊन उभ्या राहिल्या. सायलीच्या आजीच्या तीन फिती झाल्या.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, त्या आजी गेल्या. वरच्या वाडीतल्या आणखी एक आजी त्याच पावसाळ्यात गेल्या.

त्या सगळ्या ओव्या संगणकात होत्या. फक्त संगणकात. कारण माझ्या मोबाइलची जागा भरली होती, आणि "संगणकात आहेतच की," असं म्हणून मी त्या मोबाइलमधून पुसून टाकल्या होत्या. मी. दुसऱ्या कुणी नाही.

फळ्यावरच्या त्या लांबलचक यादीत 'ओव्यांची दुसरी प्रत' असं कुणीच लिहिलं नव्हतं. मीही नाही. आईबाबांनो, तुम्ही हे वाचत असाल तर जरा आठवून बघा. तुमच्या बाळाच्या पहिल्या पावलांची चित्रफीत सध्या किती ठिकाणी आहे?

जुन्या संगणकांत हार्ड डिस्क असते. तिच्यात आरशासारख्या चकचकीत तबकड्या मिनिटाला सात हजार दोनशे फेरे, म्हणजे सेकंदाला एकशे वीस, या वेगाने फिरतात. त्यांच्यावरून वाचणारी टोकं सरकत असतात, पण तबकडीला न टेकता. मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी! टिक टिक आवाज येणं म्हणजे बहुतेकदा ते टोक जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. अशा वेळी संगणक पुन्हापुन्हा सुरू करून बघू नये. प्रत्येक खेपेला नुकसान वाढू शकतं. गुरुजींनी तडक वायर काढली आणि डब्यावर कागद चिकटवला: 'हात लावू नये.'

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी संगणकाचा डबा घेऊन देवरुखला निघाले. सायली आणि तिचे बाबा बरोबर आले. डबा गोधडीत गुंडाळून बाबांनी मांडीवर घेतला होता. एस.टी. खड्ड्यात आदळली की ते दोन्ही हातांनी तो वर उचलून धरायचे. मला वाटलं, जड सामान म्हणून मदतीला आले आहेत. वाटेत मी सहज म्हटलं, "यात तुमच्या आईंच्या ओव्या आहेत." ते एकदम माझ्याकडे वळले. "आयेचा आवाज?" एवढंच म्हणाले. त्यांना माहीतच नव्हतं! ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ते कामासाठी मुंबईला होते. आणि सायली कधी बोलली नव्हती.

दुकानातल्या दादांनी डिस्क बाहेर काढली, एका वायरने आपल्या संगणकाला जोडली आणि कान लावून ऐकलं. मग म्हणाले, "बाई, हिचा भरवसा नाही. तासभर चालेल, नाहीतर दोन मिनिटं. सगळ्यांत आधी काय काढू, सांगा."

मुलांनो, पैशांचं अंदाजपत्रक करायला आम्हांला दोन आठवडे मिळाले होते. इथे मिनिटांचं अंदाजपत्रक करायचं होतं, आणि तेही उभ्याउभ्या. एक्केचाळीस फिती. निकालपत्रकं, सहलीचे फोटो, परिपाठाची गाणी वेगळीच. मी गोंधळले. सायलीच पुढे झाली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, ज्या आज्या हायत त्यांना परत म्हणायला सांगता येईल."

किती सरळ! मग दादांनी आधी त्या दोन गेलेल्या आज्यांच्या फिती घेतल्या. वरच्या वाडीतल्या आजींच्या दोन्ही आल्या. सायलीच्या आजीची पहिली आली. दुसरी आली. तिसरी अर्ध्यावर थांबली. टिक, टिक, टिक. दादांनी डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा लावली, दोनदा प्रयत्न केला. मग म्हणाले, "हिच्यामागे लागलो तर बाकीच्या जातील." सायलीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे. बाकीच्या घ्या."

तीन तासांत सदतीस फिती निघाल्या. चार राहिल्या. त्यातल्या तीन आज्यांकडे मुलं दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाऊन बसली. चौथी गेली ती गेलीच.

तर आता खर्चाचं सांगते. पहिली खरेदी केली ती दोन पेन ड्राइव्हची, प्रत्येकी ३२० रुपयांची. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, मुद्दाम. म्हणजे एकाच घाणीतले दोन्ही एकदम बिघडायला नकोत. एक शाळेच्या कपाटात आणि एक गुरुजींच्या घरी, दुसऱ्या गावात. शाळेत पाणी शिरलं, चोरी झाली, काहीही झालं तरी दुसरा सुरक्षित. पेन ड्राइव्हही काही अमर नसतो, म्हणून दर सहा महिन्यांनी लावून, फिती वाजवून बघायचं काम पाचवीच्या वर्गाकडे दिलं आहे. सदतीस फितींना जागा किती लागली असेल? पुरत्या तीनशे एमबीसुद्धा नाही. मी शाळेत असताना चौकोनी फ्लॉपी वापरत असू. तिच्यात १.४४ एमबी मावायचे. म्हणजे एका आजीच्या एका फितीला पाच फ्लॉप्या लागल्या असत्या! आणि आता नखाएवढ्या वस्तूत सगळ्या गावाच्या ओव्या मावून वर भरपूर जागा उरते.

मग नवी डिस्क. या वेळी एसएसडी घेतली, २५६ जीबीची, १,६५० रुपयांना. तिच्यात तबकडी नाही, फिरणं नाही, टिक टिक नाही. सगळं चिपमध्ये. रॅमची एक पट्टी, चार जीबीची, ६५० रुपये. जुनी पट्टी दादांनी काढली आणि तिचे सोनेरी दात चक्क खोडरबराने घासले! कोकणातल्या दमट हवेने त्यांच्यावर पापुद्रा चढतो म्हणे. (हे घरी आपल्या मनाने करू नका हं. संगणक बंद, वायर काढलेली आणि मोठं माणूस शेजारी, असं असेल तरच.) यूपीएस बिघडलाच नव्हता. आतली बॅटरी मात्र पार मेली होती. नवी ९५० रुपयांना पडली. जुनी दादांनी ठेवून घेतली, कारण तिच्यात शिसं असतं. ती उकिरड्यावर टाकायची नसते. तो छोटा सेल चाळीसचा. आणि तीन तासांच्या मेहनतीचे दादांनी घेतले फक्त तीनशे.

संगणक चालवणारी प्रणाली फुकट मिळाली. लिनक्स! फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती लिहायला घेतली, आणि पुढे जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. मराठी लिहायची सोयही तिच्यात आहे. ओंकारला हे काही पटेना. "एवढं काम केलं नि पैसे नाही घेतले?" असं त्याने मला तीनदा विचारलं.

सोमवारी आजोबा सुरू झाले ते चाळीस सेकंदांत! मुलांनी टाळ्या वाजवल्या. तारीख बरोबर. पान उघडलं. लाईट गेली, तर यूपीएसने पीं पीं करत दहा मिनिटं तग धरला. मी मनातून अगदी खूश होते. बघा, वहीचं ऐकलं म्हणून! हौसेमौजेत पैसे घालवले नाहीत म्हणून!

मग मनाली म्हणाली, "बाई, आता आजीच्या ओव्या लावा ना."

लावल्या. पडद्यावर रेघ सरकायला लागली. आवाज मात्र काहीच नाही. संगणकाला स्पीकर कुठे होते? ओव्या मुद्रित केल्या तेव्हा आम्ही त्या मोबाइलवर ऐकल्या होत्या. बावीस मुलं कान टवकारून बसलेली, आणि सायलीची आजी मुकी!

वहीत स्पीकरचं नाव नव्हतं, कारण जे कधी केलंच नाही ते अडणार कुठून? मुलं पहिल्या दिवसापासून स्पीकर मागत होती आणि मी मात्र त्याला चैन समजत होते. माझा प्रिंटर म्हणजे गरज आणि त्यांचे स्पीकर म्हणजे चैन, नाही का! मला मनापासून हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

शिल्लक होते ९२० रुपये. त्या आठवड्यात ६०० रुपयांचे दोन स्पीकर आले. यूएसबीवर चालणारे, छोटेसेच. बुधवारी दुपारी सायलीचे बाबा शाळेच्या पडवीत येऊन बसले होते. आत या म्हटलं तर, "हितंच बरा हाय," म्हणाले. ओव्या सुरू झाल्या. मध्येच जात्याची घरघर, मध्येच कोंबड्यांचा कलकलाट. त्या कलकलाटाला पहिलीतली मुलं हसली आणि सायलीही हसली. मी पडवीकडे बघायचं टाळलं.

उरलेले तीनशे वीस रुपये एका जुन्या कंपासपेटीत कपाटात ठेवले आहेत. पेटीवर मनालीने चिठ्ठी लावली आहे: 'सेल, बॅटरी, अडीअडचण'. आणि ओंकार? तो अजून दर सोमवारी येतो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारतो, "बाई, त्या दिव्यांच्या कीबोर्डचा भाव जरा खाली आला असेल काय?"